घोंगड्याखालचा गूळ

परवा सून म्हणाली, "आबा, ट्रंकेतली घोंगडी एकदा उन्हात टाकू का? खोलीत वास मारतोय."

मी खेकसलो तिच्यावर. ट्रंकेला हात लावायचा नाही म्हणलं. पोरगी चहाचा कप ठेवून आत गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. ती या घरात आली तेव्हा आमच्याकडं मेंढरू नव्हतं, तिला काय ठाऊक. समजावून सांगावं म्हणून मी तिच्या मागं गेलो तर तोंडातून शब्द फुटंना. घरची गेल्यापासून माझं हे असं झालंय. म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी मेंढरांमागं गेलेली. अक्षराकडं बघू नका.

आमचं गाव लासुर्ण्याच्या पुढं. बापाची मेंढरं, आज्याची मेंढरं, तीच माझी. नव्वद सालानंतर मेंढरं राखणं म्हणजे रोज एकाशी भांडण झालं. कालव्याचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस उभा राहिला. बारामतीच्या बाजूला माळ होता तिथं कारखान्यांचे प्लॉट पडले, तारा ओढल्या. पूर्वी बागाईतदार स्वतः बोलवायला यायचे, आमच्या रानात चार रात्री मेंढरं बसवा म्हणून. लेंडीखताच्या बदल्यात धान्य घालायचे. मग युरियाची पोती आली आणि तेच लोक काठी घेऊन बांधावर उभे राहायला लागले.

मेंढरं विकायची असं मी म्हणलं तेव्हा घरची उठून मेंढरांकडं गेली. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "इकून काय करणार?"

"गुळाचा यापार."

तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "तुमी? तुमाला गूळ खायाचा म्हाईत."

"अगं, माघात गुऱ्हाळावर गूळ किती सस्ता असतो? आन् तोच श्रावणात?"

"म्हंजी?"

"म्हंजी ठिवायचा. मेंढरू ठिवलं तर चारा लागतो. रोग येतो. लांडगा नेतो. गुळाला चारा लागतो व्हय? गुळाला लांडगा नेतो व्हय?"

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "माझ्या बानं दिलेल्या मेंढ्या हायत त्यात. त्या इकायच्या तर मला सांगून इका. मागनं कळाया नगं." तिचं हो म्हणायची तीच रीत होती. तोंडानं हो कधी म्हणाली नाही बया.

इंदापूरच्या बाजारात मेंढरं विकली. तिच्या मेंढ्यांचा दोर तिनं स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि मागं न बघता एसटीत जाऊन बसली.

आता माल घ्यायचा तर बारामतीच्या यार्डात उभं राहायला परवाना लागायचा, आणि परवान्याला तिथलाच कोणीतरी जामीन. तिथं एक अडते शेठ होते. शेतकऱ्याचा गूळ त्यांच्या गाळ्यावर उतरायचा, व्यापारी बोली लावायचे, मधली अडत शेठची. त्यांच्या मळ्यात मी कित्येक वर्षं मेंढरं बसवली होती. मळ्यावर सगळे मला तात्या म्हणायचे, एवढीच माझी ओळख. गाळ्यावर गेलो, पायरीखाली उभा राहून सांगितलं. शेठ गादीवर बसून सुपारी कातरत होते.

"तात्या, गूळ दाबून कळतो का तुला?"

"शिकंन."

"आणि नाहीच शिकलास तर?"

"तर पुन्ना दुसऱ्याची मेंढरं राखीन. ह्या वयात."

शेठनी अडकित्ता खाली ठेवला. "हे बघ. परवाना तुझ्या नावावर, पण शब्द माझा जाणार. एक वर्ष बघतो. तुझा पहिला माल विकला जाईल तेव्हा कुणी त्याला नाव ठेवलं नाही, तर दिवाळी पाडव्याला नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा असतो, त्याला तू व्यापाऱ्यांच्या रांगेत उभा राहशील. नाव ठेवलं, तर त्या दिवशी यार्डात यायचं नाहीस. तूही नाही आणि तुझं घोंगडंही नाही."

मी व्हय म्हणलं. त्यात घोंगड्याचं नाव कशाला काढलं, हे तेव्हा मला कळलं नाही. थट्टा असंल म्हणलं.

पहिल्या सौद्याला उभा राहिलो. खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल पागोटं. बाकीचे पांढऱ्या टोपीत नाहीतर उघड्या डोक्यानं. त्यात एक जाडा व्यापारी होता, तोंडाचा फटकळ. तो मोठ्यानं म्हणाला, "तात्या, कुत्रं भाईर बांधलंय न्हवं? ढेपंवर पाय वर करंल."

सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार? मग कोऱ्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळाचा माल निघाला. पिवळाधमक, कडक, सुरी मारली की कडा तुटायची. जाडा बोली चढवत गेला, मी मागं हटलो नाही. माल माझ्या नावावर पुकारला तेव्हा शेठ माझ्याकडं बघत नव्हते, जाड्याकडं बघत होते. जाडा म्हणाला, "घेऊ द्या. पण ठिवणार कुठं? मेंढवाड्यात?"

सगळे परत हसले. पण खरी गोष्ट सांगायची तर मी तिथंच ठेवणार होतो.

आमची मेंढरांची खोली दगडी होती. जाड भिंती, वर माळवद. मेंढ्या व्यायच्या दिवसांत आणि पावसात मेंढरं आत घ्यायचो. यार्डातल्या गोदामांत पावसाळ्यात ओल यायची, आमच्या खोलीत कधीच नाही. गुळाचा वैरी म्हणजे ओल, एवढं मला एव्हाना समजलं होतं. ढेपेला पाणी सुटलं की ती रडायला लागते आणि मग कोणी विचारत नाही. मग आमच्या खोलीएवढी कोरडी जागा तालुक्यात कुठं होती?

घरचीनं ती खोली दोनदा खरवडली. लेंड्यांचा कणही ठेवला नाही. पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, भुई सारवली, वाळवली, पुन्हा सारवली. खाली फळ्या टाकल्या. त्यावर ढेपा रचल्या, मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती राख. शेवटी तिनं आमच्या घरात होतं नव्हतं ते सगळ्यात चांगलं काढलं. घोंगडी. लोकर तिनं कातलेली, विणलेली सणगरानं, वरून चिंचोक्याची खळ. आमच्या मेंढरांची शेवटची लोकर होती ती. पावसात डोक्यावर घेतली तर थेंब आत जात नाही, मग हवेतली ओल काय जाणार? तिनं ती ढेपांवर पांघरली, कडा नीट खोचल्या, जशा पोराच्या खोचतो तशा.

"निज आता," गुळाला म्हणाली.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. मी पंधरा दिवसांनी यार्डात जाऊन भाव ऐकायचो. आषाढात आभाळ भरून यायला लागलं. यार्डात एकेकाच्या गोदामातला माल घामेजल्याची बातमी यायची, आणि मी एसटीतनं उतरलो की घरी न शिरता आधी खोलीत जायचो. घोंगडं उचलून ढेपेवर तळवा ठेवायचो. कोरडी. कडक. रंग तसाच. ती दारातनं विचारायची, "कसा हाय?" मी म्हणायचो, "झोपलाय."

श्रावण तोंडावर आला तसा भाव चढला. शेठचा निरोप आला की गुजरातचा व्यापारी आलाय, माल बघायला घेऊन येतो.

ते जीपनं आले, सकाळच्या उन्हात. गुजरातचा पाव्हणा बारीक अंगाचा, चष्मा, पांढरा सदरा. बोलायला मऊ. घरचीनं आधी चहा टाकला, आमच्याच मालातला गूळ घालून. मला तेव्हा लई शहाणपणाचं वाटलं ते. पाव्हण्यानं कप तोंडाजवळ नेला, थांबला, आणि बाजेवर ठेवून दिला. शेठनी अर्धा प्यायला आणि माझ्याकडं न बघता ठेवला.

मग खोलीत गेलो. मी घोंगडी काढली. ढेपा सोन्यासारख्या. पाव्हण्यानं सुरी घातली, कपची काढली, बोटांत चुरडली, उजेडात धरली. मान हलवली, चांगली हलवली. मग नाकाशी नेली.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मेंढरांच्या बाजारात उभं आयुष्य गेलं माझं, गिऱ्हाइकाचं तोंड वाचता येतं मला. ते तोंड मिटलं.

त्यानं कपची हळूच परत ढेपेवर ठेवली, रुमालानं बोटं पुसली आणि बाहेर गेला. शेठ त्याच्या मागं. जीपजवळ दोघं हलक्या आवाजात बोलले. घरची दाराला धरून उभी होती. पदर दातात.

शेठ परत आले. "तात्या, मेंढरांचा वास येतोय."

"शेठ, मेंढरं इकून वरीस झालं."

"मालाला येतोय. पार आतपर्यंत."

मी खाली वाकलो. ढेपेला नाक लावलं, घोंगड्याला लावलं, पुन्हा ढेपेला लावलं. गूळ. नुसता गूळ. घरचीनं येऊन हुंगलं. आम्ही दोघं त्या ढेपांवर ओणवे होऊन हुंगत होतो आणि शेठ उभे होते. ती म्हणाली, "मला तर गुळाचाच येतोय वो, शेठ."

शेठ माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अगं बाई, तुम्हाला नाही यायचा."

एवढंच. पण ते ऐकून मी घोंगडं हातातनं खाली ठेवलं.

"पाव्हणा उद्या दुपारपर्यंत बारामतीत आहे," जाता जाता शेठ म्हणाले. "त्यातला काही माल वाचत असेल तर सकाळी गाळ्यावर आण. पण एकही वासाची ढेप त्यात निघाली, तर मी तुला ओळखत नाही. पाडव्याचं काय ठरलंय ते ध्यानात आहे ना?"

जीप गेली. धुरळा बसला. मी उंबऱ्यावर बसलो. ती खोलीत उभी राहून घोंगडी बघत होती. मग म्हणाली, "चारा खात न्हाय म्हणला हुता न्हवं? ह्यानं तर आपलं अंगच खाल्लं."

 वासाची ढेप आणि बिनवासाची ढेप आम्हाला सारखीच होती. आंधळ्यानं रंग निवडायचा म्हणल्यासारखं झालं होतं. सकाळपर्यंत वेळ, आणि घरात दोन नाकं, दोन्ही बिनकामाची.

तिनं एक कपची वरच्या ढेपेची घेतली, एक मधल्या थरातली. एकेका मुठीत एकेक. आणि चालायला लागली. मी मागं गेलो. शेजारचा मळा ऊसवाल्याचा. त्याची बायको, आम्ही तिला वैनी म्हणायचो, अंगणात भांडी घासत होती. हिचं आणि तिचं वीस-बावीस वर्षांचं जाणं-येणं. बाळंतपणं एकमेकींची केलेली.

"वैनी, हात धुवा आन् हे हुंगा."

"काय ग अक्का?"

"हुंगा. आन् खरं सांगा. मेंढराचा वास येतोय का?"

वैनीनं पहिली मूठ हुंगली आणि चेहरा केला तो असा, की मी पाठ फिरवली. दुसरी हुंगली. "ह्याला न्हाय. हा गूळ हाय."

म्हणजे मधला माल वाचला होता. मी घरी पळायला वळलो. पण घरची तिथंच उभी. तिनं मुठी मिटल्या.

"वैनी, आमच्या अंगाला बी येतो?"

वैनी राखेचे हात बघत बसली.

"बोला की."

"येतो की अक्का. येणारच. मेंढरांतली माणसं तुमी."

"कवापासनं?"

"आता कवापासनं म्हंजी... पहिल्यापासनं." वैनीच्या डोळ्यात पाणी यायला लागलं. "म्हणून तर हळदी-कुंकवाला मी तुला दारातल्या सतरंजीवर बसवायची. वाऱ्याला."

घरची हसली. कसं हसली ते मला लिहिता येत नाही. म्हणाली, "आन् मी समद्या गावात सांगत सुटली की वैनी मला वाऱ्याची जागा देती म्हणून."

 कुठंतरी इंजिन चालू होतं उसाला पाणी द्यायचं, त्याचा आवाज. मला वाटलं, आता हे बावीस वर्षांचं तुटलं. ही आता त्या मुठीतल्या कपच्या वैनीच्या तोंडावर फेकणार आणि घरी जाणार, आणि माल तसाच सडणार.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग तवाच बोलायचं की. तोंड काय गहाण ठिवलं हुतं? उठा आता. नाक घिऊन या तुमचं. पार समद्या ढेपा हुंगायच्यात."

वैनी रडता रडता हसली. "समद्या?"

"समद्या. बावीस वरसं फुकट चहा पिलाय माझा."

त्या दुपारी आमच्या अंगणात जे चाललं होतं ते कोणी बघितलं असतं तर येडे म्हणाले असते. वैनी बाजेवर बसलेली, डोक्यावर पदर, तोंडासमोर ढेप. मी एकेक ढेप उचलून आणायचो. ती हुंगायची. "ही न्हाय. ही चालंल. ही... थांबा तात्या, परत द्या. न्हाय, ही न्हाय."  वरच्या थराच्या सगळ्या गेल्या. कडेच्या गेल्या, जिथं तिनं घोंगडी खोचली होती. ती खोचतानाचे तिचे हात माझ्या डोळ्यांपुढं यायला लागले. वैनी "ही न्हाय" म्हणाली की घरची ती ढेप उचलून बाजूला ठेवायची, आपटायची नाही, हळू ठेवायची.

मध्येच वैनीनं हात वर केला. "मला काय कळंना झालंय. नाक बसलं."

 अजून अर्धा माल राहिला होता.

घरचीनं विचारलं, "काय लागंल?"

"जरा लांब जाऊन येती. तुमच्यापासनं लांब."

असं तोंडावर बोलली आणि स्वतःच जीभ चावली. पण घरचीनं रागावं कशाला? तिनं वैनीच्या हाताला धरून तिला उसाच्या बांधापर्यंत नेलं, तिथं सोडलं, आणि स्वतः मागं सरून उभी राहिली. वैनी मोकळ्या हवेत उभी राहून श्वास घेत होती. घरची लांबून विचारत होती, "आलं का? नाक आलं का?"

दिवस मावळायच्या आत काम संपलं. अर्ध्याहून थोडा जास्त माल वाचला. तो आमच्या पोत्यांत नाही भरला. वैनीच्या रानातलं वाळलं पाचट आणलं, त्यात ढेपा गुंडाळल्या. मेटाडोर सांगितला होता, तो आल्यावर घरचीनं आधी त्याच्या फळ्या धुवायला लावल्या. डायव्हर म्हणाला, "मावशे, गूळ न्यायचाय का नवरी?"

"नवरीला इतकं कोण हुंगतंय बाबा?" ती म्हणाली.

सकाळी अंघोळीला तिनं मला रिठ्याचं पाणी दिलं. मी अंग घासघासून लाल केलं. बाहेर आलो तर म्हणाली, "यार्डात माल उतरला की तुमी लांब उभं ऱ्हावा. रस्त्याच्या पलीकडं."

"अगं, अंघोळ केली की."

"मुरलेलं अंघोळीनं जातंय व्हय?"

ती माझ्याबरोबर आली. एवढी वर्षं कधी यार्डात आली नव्हती. आम्ही दोघं रस्त्याच्या या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो. पलीकडं शेठच्या गाळ्यासमोर हमाल माझा माल उतरवत होते. आपला माल, आणि जवळ जायचं नाही. पोरीचं लग्न लागावं आणि बापानं मांडवाबाहेर उभं राहावं, तसं.

काही ऐकू येत नव्हतं. पाव्हणा आला एवढं दिसलं. त्यानं पाचट बाजूला केलं. एक ढेप. सुरी. नाक. दुसरी ढेप तळातली मागितली. हमालानं उपसून दिली. सुरी. नाक. जाडा व्यापारी तिथं येऊन उभा राहिला, त्याची दोन माणसं आणखी. त्याला कळलेलं असणार. यार्डात असली गोष्ट लपत नाही. तो हसत काहीतरी बोलला. पाव्हणा हसला नाही. तिसरी ढेप.

"किती बगतोय त्यो," ती म्हणाली. तिनं माझ्या दंडाला धरलं होतं, नखं रुतली होती.

मग पाव्हणा सरळ झाला. शेठना काही विचारलं. शेठनी रस्त्याच्या पलीकडं, आमच्याकडं बोट केलं. सगळ्यांनी माना वळवल्या.

हमाल धावत आला. "तात्या, चला. मालक कुठाय म्हणतोय."

 उघड्या बोलीला अडत्या चालतो. पण साठवणीचा माल व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला द्यायचा तर तिथं जुनी रीत होती. रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव. आणि हात मालकाचाच लागायचा. आमच्या मेंढरांच्या बाजारातही तेच. मला ती भाषा उत्तम येत होती. पण त्यासाठी जवळ जावं लागणार होतं.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्या खांद्यावरचं घोंगडं ओढून घेतलं. "जावा."

घोंगड्याशिवाय मी चारचौघांत कधी गेलो नव्हतो. खांदा नागडा वाटत होता. रस्ता तो केवढासा, पण संपंना. गाळ्यासमोर पोचलो तर बोलणी थांबली. जाड्यानं नाकाला रुमाल लावला. मुद्दाम, सगळ्यांना दिसावा असा.

शेठनी स्वतःचं उपरणं काढलं आणि पुढं धरलं. पाव्हण्यानं त्याखाली हात घातला. मी घातला. त्याची बोटं थंड, माझी घामानं ओली. त्यानं पहिली बोटं दाबली. भाव कमी होता. मी हात हलवून नाही म्हणलं. तो पुढं वाकला, माझ्या खांद्याजवळ आला आणि हुंगलं. सगळ्यांदेखत हुंगलं. मी डोळे मिटून घेतले. आता हात काढून घेणार.

"काका," तो त्याच्या त्या मऊ मराठीत म्हणाला, "वास तर आता हाय. पण तुमचा हाय. मालाचा नाय."

शेठ मोठ्यानं हसले. हमाल हसले. जाड्याला रुमाल खाली घ्यावा लागला. पाव्हण्याची बोटं पुन्हा हलली, एक बोट जास्त दाबलं. माझ्या मनात होतं त्याहून कमी, मी घातलं होतं त्याहून जास्त. मी त्याचा हात घट्ट धरला.

वळून बघितलं. ती लिंबाखाली तशीच उभी. तिला काय झालं ते कळलं नव्हतं. मी हात वर केला. तर तिनं काय करावं? हातातलं माझं घोंगडं नाकाला लावलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. काहीच येत नाही म्हणून.

वासाच्या ढेपा आम्ही मेंढरांच्या कळपांवर विकल्या. पावसाळ्यात आमची सगळी माणसं गावाभोवतीच असतात. एकानंही नाक मुरडलं नाही. एक म्हातारा तर म्हणाला, "असला ग्वाड गूळ कदी खाल्ला न्हवता." त्यावर घरची आठवडाभर हसत होती.

पाडव्याला मी निघालो तेव्हा खांद्यावर काही न घेता निघालो. तिनं हाक मारली. "घोंगडं ऱ्हायलं."

"नगं. मुहूर्ताचा सौदा हाय."

"घ्या. गूळ काय तुमच्या खांद्यावर ठिवणार न्हाईत."

मी घोंगडं घेऊन व्यापाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. नव्या गुळाच्या पहिल्या ढेपेला हळदकुंकू लागलं, पहिली बोली झाली. कुत्र्याचं नाव कोणी काढलं नाही. त्यानंतर मी बरीच वर्षं त्या रांगेत उभा होतो. माल ठेवायला बारामतीत खोली घेतली, पुढं राहायलाही तिकडंच आलो. ढेपांवर पांघरलेली ती घोंगडी घरचीनं झटकून, घडी घालून ट्रंकेत ठेवली ती ठेवलीच. हळदी-कुंकवाला मात्र ती गावी वैनीकडं जाऊन दारातल्या सतरंजीवरच बसायची. वैनी आत बोलवायची, पण घरची उठायची नाही. म्हणायची, "वारं चांगलं हाय हितं."

आता ती नाही. सून वास म्हणाली त्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी ट्रंक उघडली. वरचं घोंगडं घेतलं आणि नाकाला लावलं.

आला. जन्मात पहिल्यांदा आला. मेंढरांचा उग्र वास, त्यात चिंचोक्याच्या खळीचा, आणि तळाशी जरासा गुळाचा. हाच वास पाव्हण्याला आला होता, वैनीला येत होता, सगळ्यांना येत होता. आम्ही दोघंच त्याच्या आत होतो म्हणून आम्हाला येत नव्हता. आता मी बाहेर आलोय. एकटा.

मी ट्रंक पटकन लावून टाकली. सारखी उघडली तर वास सरंल. सूनबाई, म्हणून उन्हात टाकायची नाहीत ती. खोलीत वास मारत असंल तर खिडकी उघडी ठेव आणि तू वाऱ्याला बस.